पोटात कळा, फिट आणि आता हात उचलत नाहीत: हा पोर्फिरिया असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बहीण २६ वर्षांची, खानापूर तालुक्यातली. दीड वर्षापासून अधूनमधून पोटात असह्य कळा, सोनोग्राफी नॉर्मल, अपेंडिक्स काढूनही फरक नाही. यंदा नवरात्राच्या उपवासानंतर पुन्हा दुखलं, झोप उडाली, भिंतीवर माणसं दिसू लागली, मग फिट आली. फिटच्या गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात हात गळाले. वेणी घालायला हात वर जात नाही, चालता मात्र येतं. बेळगावात जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा अचानक येणारा आजार) सांगितलंय, एका डॉक्टरांनी पोर्फिरियाची, म्हणजे यकृतातल्या एका जन्मजात दोषाच्या आजाराची, शंका काढली.

मी बेळगावातच फिजिशियन आहे. पेशंट न बघता निदान सांगता येत नाही, पण त्या डॉक्टरांची शंका मला अगदी रास्त वाटते. दुखणं चालू आहे तोवरच, म्हणजे आजच, लघवीची पीबीजी (पोर्फोबिलिनोजेन) तपासणी पाठवायला सांगा. सोबत एएलए (पीबीजीसारखाच या आजारात साचणारा पदार्थ) आणि क्रिएटिनीन. चोवीस तासांची लघवी साठवत बसू नका, एका वेळची पुरते. बाटलीला लगेच फॉइल गुंडाळा आणि थंड ठेवून लॅबला पोचवा, कारण उजेडात पीबीजी टिकत नाही. एका पेशंटची बाटली वॉर्डच्या खिडकीत राहिली होती. सकाळची पिवळी लघवी दुपारपर्यंत कोऱ्या चहासारखी झाली आणि तिथेच आम्हाला संशय आला. नुसती ‘पोर्फिरिन’ तपासणी करून थांबू नका. ते आकडे लिव्हरच्या इतर आजारांतही वाढतात. ऐन दुखण्यात पीबीजी नॉर्मल आलं तर हा आजार जवळपास बाद होतो, आणि असेल तर सहसा कित्येक पट वाढलेलं येतं.

हे होतं कसं? यकृतात हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) तयार होतं, त्या साखळीतलं एक एन्झाइम जन्मतःच निम्म्या ताकदीचं असतं. एरवी भागतं. पण उपासमार, पाळीच्या आधीचे दिवस, ताप, दारू किंवा काही औषधं आली की यकृत काम वाढवतं आणि अर्धवट तयार झालेली एएलए, पीबीजी साचतात. त्याचा मार नसांवर बसतो. म्हणून कळा जीवघेण्या, पण पोट दाबून पाहिलं तर मऊ. नाडी जलद, बीपी वाढलेलं, शौचाला होत नाही, रक्तातलं सोडियम उतरलेलं. फिट बऱ्याचदा त्या सोडियममुळेच येते. भास होणं, घाबरं होणं हाही याच आजाराचा भाग आहे. घरात कुणी ‘बाहेरचं’ म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा आणि तिला देवर्षीकडे नेऊ नका.

जीबीएसमध्ये अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो आणि पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढतात. पोर्फिरियात तो खांद्या-दंडापासून सुरू होऊ शकतो, पाणी बहुतेक वेळा नॉर्मल असतं. वेणीची गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगा.

आता फिटची गोळी कोणती, ते पाहा. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट यांतलं काही असेल तर पोर्फिरियात त्यानेच आजार भडकतो. स्वतःहून बंद करू नका, पण आजच डॉक्टरांना विचारून लेव्हेटिरासिटामसारख्या सुरक्षित औषधावर बदलून घ्या. सल्फाची औषधं आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही टाळायच्या. सणासुदीला या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात, म्हणून वेगळं लिहिते.

उपचार आहे. शिरेतून हेमिन (तयार हीम), वजनाच्या किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ४ दिवस. ते सगळीकडे तयार मिळत नाही, म्हणून पीबीजी वाढलेलं दिसताच मागवायला लावा. तोवर ग्लुकोज, दिवसाला किमान ३०० ग्रॅम. पण नुसत्या पातळ सलाइनच्या बाटल्या चढवल्या तर सोडियम आणखी घसरतं, त्यावर नजर हवी. कळांसाठी मॉर्फिन चालतं आणि ते द्यायला हवं. ती सोंग करत नाही. आवाज बारीक झाला, गिळताना ठसका लागला, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, तर त्याच क्षणी आयसीयू.

हात परत येतात, पण सावकाश. महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. मनगट आणि बोटं बहुधा शेवटी सुधारतात. फिजिओथेरपी आणि मनगटाची पट्टी पहिल्या आठवड्यापासूनच लागते. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं गिव्होसिरान हे इंजेक्शन २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते फार महाग आहे.

आपली माणसं बेळगाव, मिरज, कोल्हापूर, बांबोळी अशी फिरलेली असतात आणि कागद चार पिशव्यांत. अपेंडिक्सच्या वेळचे कागद, सोडियमचे जुने आकडे, दिलेली सगळी औषधं एका फाइलीत आणा. निदान पक्कं झालं तर टाळायच्या औषधांचं कार्ड मराठी, कन्नड आणि इंग्रजीत करून तिच्या पर्समध्ये ठेवा, रात्रपाळीच्या नर्सला वाचता आलं पाहिजे. संकष्टी, नवरात्र, सगळे उपवास कायमचे बंद. सासूबाईंना हे डॉक्टरांकडूनच सांगायला लावा.

आणि तुमचीही जनुकीय तपासणी लागेल. आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता निम्मी असते. तो असणाऱ्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, पण ऑपरेशनच्या आधी ते भूलतज्ज्ञाला माहीत असावं लागतं.