राजीनामा लिहू नका, अर्ज लिहा

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात चार वर्षांपासून आयसीयूला स्टाफ नर्स आहे. दर अकरा महिन्यांनी करार नव्याने होतो. सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपवून दोन महिन्यांपूर्वी रुजू झाले, बाळ आता आठ महिन्यांचं आहे. आल्यापासून महिन्याला बारा-बारा नाईट लागतात. मिस्टर दुसऱ्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत, त्यांनाही शिफ्ट. दूध काढायला लिनन रूममध्ये जाते, तिथल्या दाराला कडी नाही. पाठ लावून उभी राहते. घर जवळ आहे म्हणून तीनदा दुपारी बाळाला पाजून आले, प्रत्येक वेळी पाऊण तास लागला. तिन्ही दिवसांचा अर्धा-अर्धा पगार कापला. मेट्रन म्हणतात, ‘नाईट जमत नसेल तर राजीनामा द्या, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना या सवलती नसतात.’ एचआरने टाइप केलेला राजीनामा हातात दिलाय, तारखेची जागा मोकळी आहे. करार पुढच्या महिन्यात संपतो. दोन वर्षं सोडणार नाही असा एक लाखाचा बॉन्ड आहे आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात आहेत. राजीनामा देऊन मोकळी होऊ का? जाऊबाईंना सरकारी नोकरीत मुलासाठी वेगळी रजा मिळते, तशी मला किंवा मिस्टरांना नाही का मिळणार?

उत्तर : ताई, आधी त्या कागदाचं बोलू. त्यावर ‘कौटुंबिक कारणास्तव, स्वखुशीने’ असं लिहिलेलं असणार. उलटतपासणीत हेच शब्द आम्हा वकिलांना सगळ्यात जास्त छळतात. सही झाली की पगार कापला, पाळणाघर दिलं नाही, बारा नाईट लावल्या हे सगळं बाजूला पडतं आणि उरतं एवढंच, की बाईंना घर सांभाळायचं होतं म्हणून त्या आपणहून गेल्या. दबावाखाली घेतलेला राजीनामा कोर्ट राजीनामा मानत नाही, कामावरून काढलं असंच धरतं. पण दबाव होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं आणि ज्यांनी पाहिलं त्या सिस्टर अजून तिथेच नोकरी करत असतात. साक्षीला कोण येणार? तेव्हा सही करू नका. कागद परतही देऊ नका, तारखेची मोकळी जागा दिसेल असा त्याचा फोटो काढून जपून ठेवा.

आता ‘कॉन्ट्रॅक्टवाल्यांना सवलती नसतात’ या वाक्याकडे येते. हे चूक आहे, आणि मेट्रनबाईंना ते चूक असल्याचं बहुधा कुणी सांगितलेलंही नसेल. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कायम आणि करारावरची असा भेद केलेला नाही. अट एकच आहे : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असावं. तुम्ही ती केव्हाच पार केलीत. २०२३ साली सुप्रीम कोर्टासमोर दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांची रजा सुरू झाल्यावर अवघ्या काही दिवसांत कराराची मुदत संपत होती, म्हणून रुग्णालयाने लाभही तिथेच थांबवला. कोर्टाने सांगितलं, करार संपला तरी सव्वीस आठवड्यांचा पूर्ण लाभ द्यावाच लागेल.

तुमच्या हातातला सगळ्यात पक्का हक्क मात्र रजेचा नाही, रुजू झाल्यानंतरचा आहे. संहितेचं कलम ६६ सांगतं, की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी वेगळी सुट्टी द्यायची. कलम ६९ सांगतं, त्या वेळेचा पगार कापायचा नाही. आणि कलम ६७ : जिथे पन्नास किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. त्या चार फेऱ्यांत विश्रांतीची वेळही धरलेली आहे. पन्नास मोजताना ठेकेदारामार्फत आलेले हाऊसकीपिंगवाले, सिक्युरिटीवालेही मोजायचे, कारण संहितेच्या व्याख्येत तेही कर्मचारीच आहेत. रुग्णालयाच्याच इमारतीत पाळणाघर हवं असंही नाही, दुसऱ्या संस्थेशी मिळून सामायिक चालवता येतं. म्हणजे ‘आमच्याकडे जागा नाही’ ही सबब फार टिकत नाही.

तुमच्या तीन फेऱ्यांबद्दल स्पष्ट बोलते. पाऊण तास हा पाजण्याच्या एका सुट्टीपेक्षा मोठा आहे. रुग्णालयाचा वकील तेवढंच धरून बसेल. तरी पाऊण तासासाठी अर्धा दिवस कापणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. शिवाय जवळ पाळणाघर असतं तर तुम्हाला घरी जावंच लागलं नसतं, तेव्हा जास्त लागलेला वेळ त्यांच्याच कसुरीतून आला, हा आपला मुद्दा. त्या महिन्याची सॅलरी स्लिप, बायोमेट्रिकच्या वेळा आणि ड्युटी लिस्ट यांच्या प्रती आजच काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या लिस्टचे स्क्रीनशॉट घ्या. ग्रुपमधून काढल्यावर नवं काही दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका : ओव्हर न देता, म्हणजे पेशंट दुसऱ्या सिस्टरकडे न सोपवता, वॉर्ड सोडणं. तुमचा हक्क कितीही खरा असला तरी व्हेंटिलेटरवरचा पेशंट कुणाच्या हवाली न करता तुम्ही दहा मिनिटं जरी बाहेर गेलात, तर भांडण पाजण्याच्या सुट्टीचं राहत नाही, निष्काळजीपणाचं होतं. मग चार्जशीट त्यांच्या बाजूने, आणि नर्स म्हणून असलेल्या नोंदणीवर बालंट येण्याची भीती वेगळी. सुट्टी कोणत्या वेळी, त्या वेळात पेशंट कोण पाहणार, हे आधी लेखी मागून घ्या. रिलिव्हर देणं हे त्यांचं काम आहे.

अर्ज लांबलचक नको. असा लिहा :

‘माझे बाळ आठ महिन्यांचे आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६६ प्रमाणे मला ड्युटीच्या वेळेत दोन सुट्ट्या मिळाव्यात, त्यांच्या वेळा ठरवून द्याव्यात व त्या वेळेत रिलिव्हर द्यावा. दूध काढण्यासाठी आतून कडी लागेल अशी खोली मिळावी. कलम ६७ प्रमाणे पाळणाघराची सोय कोठे आहे ते कळवावे. अमुक तारखांचा कापलेला पगार परत मिळावा. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मी नाईट ड्युटीस संमती देत नाही. मॉर्निंग, इव्हिनिंग व रविवारची ड्युटी करण्यास तयार आहे.’

रुग्णालयाचा शिक्का मारलेली पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर एचआर आणि मेडिकल सुपरिंटेंडेंट दोघांना ईमेल करा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. भावनेचं एक वाक्यही घालू नका. बाळ रडतं, सासूबाईंना झेपत नाही वगैरे खरं असेल, पण अर्जात ते आलं की त्याचा लगेच ‘कौटुंबिक कारण’ होतो.

नाईटचं वाक्य मी मुद्दाम शेवटी घातलं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम ४३ नुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामाला लावायचं तर तिची संमती लागते. एचआर लगेच तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढेल, त्यात ‘तिन्ही पाळ्यांत काम करण्यास तयार’ असं असेलच. चार वर्षांपूर्वीची ती सही आजची संमती धरायची का, हा वादाचा मुद्दा आहे. तिथे हमखास जिंकाल असं मी सांगणार नाही. रुग्णालय चोवीस तास चालतं आणि सगळ्यांनीच दिवसपाळी मागितली तर रात्री कोण, हा प्रश्न कोर्टालाही पडतो. म्हणून सरसकट नकार न देता मुदत घातली आणि बदल्यात काही देऊ केलं. सात महिन्यांची मागणी नाकारणं कुणालाही जड जातं. रुजू होण्याआधी महिन्याला पाच-सहा नाईट असतील आणि आल्यावर बारा झाल्या असतील, तर जुन्या ड्युटी लिस्टही काढा. रजा घेतली म्हणून सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या करायच्या नाहीत, असं कलम ६८ म्हणतं. त्याच्याशी हे जोडता येईल. (प्रसूतीनंतर आपसात ठरवून घरून काम करण्याची तरतूदही कायद्यात आहे. आयसीयूच्या सिस्टरला तिचा काय उपयोग, हे कायदा करणाऱ्यांनाच विचारायला हवं.)

पुढच्या महिन्यात करार संपतोय, ही तुमची खरी कमजोर बाजू. मुदत संपली आणि त्यांनी नवा करार केलाच नाही, तर ‘आम्ही काढलं नाही, मुदत संपली’ असं ते म्हणणार, आणि हे म्हणणं सहज खोडता येत नाही. मात्र चार वर्षं करार न चुकता होत आले आणि तुम्ही हक्काचा अर्ज दिल्यावरच तो थांबला, तर मागचा हेतू दाखवता येतो. म्हणून अर्ज करार संपायच्या आधी गेला पाहिजे, नंतर दिलेल्या अर्जाला ही धार राहत नाही. आणि नाहीच झाला नवा करार, तरी ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. ती मागायला विसरू नका.

बॉन्डला भिऊ नका, पण तो निव्वळ रद्दीचा कागद आहे असंही समजू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँकेची जाहिरात, परीक्षा, मुलाखत अशी खर्चिक भरती होती. तुमच्याकडे चार वर्षं काम केलेल्या सिस्टरवर नव्या करारासोबत रुग्णालयाने कोणता खर्च केला? करार कायद्याच्या कलम ७४ नुसार बॉन्डवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आकडा आहे तसा नव्हे. आणि त्यांनी स्वतःच करार वाढवला नाही तर तुम्ही सोडून गेलात असं होत नाही, बॉन्डचा प्रश्नच उरत नाही.

सर्टिफिकेट अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. अशिलाने फी दिली नाही म्हणून त्याची फाईल दाबून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली आम्हा वकिलांनाच सुनावलं होतं. मग रुग्णालय कोण लागून गेलं? अर्ज मात्र वेगळा करा. ‘पडताळणीसाठी ओरिजिनल हवी आहेत’ एवढंच लिहा, पाजण्याच्या सुट्टीशी त्याची गाठ मारू नका. शक्य असेल तर हा अर्ज सुट्टीच्या अर्जाच्या दोन दिवस आधी द्या.

जाऊबाईंची रजा ती बालसंगोपन रजा. केंद्र सरकारच्या नोकरीत ती ७३० दिवसांपर्यंत मिळते. खासगी रुग्णालयाला ती कायद्याने बंधनकारक नाही. मिस्टरांचंही तेच : केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगीत नियुक्तिपत्रात लिहिलं असेल तेवढीच. त्यांच्या बाबतीत कायद्यापेक्षा लॅब इन्चार्जशी बोलणं कामी येईल. तुमची इव्हिनिंग असेल तेव्हा त्यांची मॉर्निंग, एवढं दोन्हीकडच्या लिस्ट लागण्याआधी जमवता आलं तर बघा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात संहितेखालच्या निरीक्षकाकडे तक्रार द्या. त्यांच्याच नेमणुकीचं नवं नाव निरीक्षक-तथा-सुविधाकार असं आहे, त्याने गोंधळू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही, पगारदार नर्सलाही ती मिळते.

आणि मेट्रननी पुन्हा ‘घर सांभाळायचं तर नोकरी कशाला’ असं म्हटलं, तर वाद घालू नका. २०२२ मध्ये चंडीगडच्या पीजीआयमधल्या एका नर्सिंग ऑफिसरच्या प्रसूती रजेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, की या तरतुदी बायकांना नोकरीत टिकून राहता यावं यासाठीच आहेत. पण हे आयसीयूच्या काउंटरवर ऐकवायचं नाही. तारीख, वेळ, शब्द वहीत टिपायचे आणि ओव्हर घ्यायला जायचं. एचआरने सहीसाठी पुन्हा बोलावलं तर ‘वकिलांना दाखवून सांगते’ म्हणा, आणि केबिनमधून बाहेर आल्याबरोबर, त्याच दिवशी, ‘आज अमुक वाजता मला राजीनाम्यावर सही करण्यास सांगण्यात आले, मी नकार दिला’ असा दोन ओळींचा ईमेल त्यांनाच पाठवा.