समुद्रकाठच्या शहरात सहा रात्री राहायचं आहे. मुक्काम किनाऱ्यावर घ्यावा की जुन्या शहरात?

तुम्ही लिहिलंय की सत्तरी ओलांडलेले आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि तुम्ही दोघं असे पाच जण आहात. शहर अजून पक्कं नाही, दोन-तीन नावं डोळ्यांसमोर आहेत आणि हॉटेलांचे फोटो बघून बघून गोंधळ वाढलाय.

माझं सांगणं एकच आहे. हॉटेल नंतर बघा, आधी त्या शहराचा समुद्र बघा. तो कुठल्या दिशेला आहे, भरती-ओहोटीत किती वर-खाली होतो, वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो आणि किनाऱ्यापर्यंत जायला चढ-उतार किती आहे, एवढं समजलं की शहराच्या कुठल्या बाजूला राहायचं हे जवळपास ठरूनच जातं. मग त्या बाजूची चार-पाच हॉटेलं तेवढी बघायची.

चढ-उताराचं आधी सांगते, कारण तुमच्यासोबत आई-वडील आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही माझ्या आईला घेऊन असेच गेलो होतो. जाहिरातीत ‘किनाऱ्यापासून ४०० मीटर’ लिहिलं होतं, आणि नकाशावर ते खरंही होतं. पण घर कड्यावर आणि पुळण खाली, मध्ये ११८ पायऱ्या. आकडा लक्षात राहिलाय कारण आई मोजत उतरली होती. चढताना ती तीनदा कठड्याला धरून थांबली. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, ‘तुम्ही जाऊन या, मला इथून दिसतंय की सगळं.’ तिला फक्त पाण्यात पाय सोडून बसायचं होतं, आणि चार दिवस ती गॅलरीत बसून राहिली. ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून मी अंतर मीटरमध्ये विचारतच नाही. घरमालकाला किंवा हॉटेलला सरळ लिहून विचारते: दारापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, रस्त्याला पदपथ आहे का. ऑनलाइन नकाशात उंची दाखवणारा थर असतो, तो चालू करून बघा. रेषा एकमेकींना चिकटून आल्या की तिथे उभा चढ आहे असं समजायचं. अभिप्राय वाचताना तारे मोजत बसू नका. ‘पायऱ्या’, ‘चढ’, ‘आवाज’, ‘बांधकाम’ असे शब्द शोधा. आणि ‘सी व्ह्यू’ या शब्दांवर विसंबू नका. गॅलरीतून वाकून दोन इमारतींच्या फटीत दिसणाऱ्या निळ्या पट्टीलाही लोक सी व्ह्यू म्हणतात. खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागवा, लोक आनंदाने पाठवतात.

‘समुद्रकाठचं शहर’ म्हणजे शहरातच किनारा असेल असंही धरून चालू नका. पोर्तुगालमधलं लिस्बन घ्या. ते टेकड्यांवर वसलंय आणि टॅगस नदीच्या मुखाशी आहे. पोहायच्या किनाऱ्यासाठी लोक लोकल ट्रेनने कास्काइशकडे जातात, सुमारे चाळीस मिनिटं लागतात. शहर अतिशय देखणं आहे, पण पाच मिनिटांत वाळू गाठायची असेल तर मुक्काम वेगळीकडे घ्यावा लागेल. फ्रान्समधल्या नीसमध्ये किनारा शहराला लागूनच आहे, मात्र तिथे वाळू नाही, गोटे आहेत. अनवाणी चालताना ज्येष्ठांचा तोल जातो. जाड तळव्याचे पाण्यात चालणारे बूट सोबत असले तर तोही किनारा सुखाचा होतो.

आता दिशा. सूर्यास्त समुद्रात बघायचा असेल तर किनारा पश्चिमेकडे तोंड करून हवा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बुकिंगच्या वेळी निसटतं. बार्सिलोनाचा किनारा पूर्व-आग्नेयेकडे आहे, तिथे पाण्यातून सूर्य उगवतो. शिवाय सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या सुमारास. एरवी तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो. रिओमध्ये आर्पोआदोरच्या खडकावरून डिसेंबर-जानेवारीत सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, जून-जुलैत तो डोंगराआड जातो. तुमच्या तारखांना सूर्य कुठे मावळेल हे नकाशावर दाखवणारी फुकट ॲप्स आहेत, दोन मिनिटांचं काम आहे.

भरती-ओहोटीवर मात्र थोडा जास्त वेळ द्या, कारण मुलीची खरी मजा तिथे आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ७ ला असेल तर सहाव्या दिवशी तीच ११ च्या पुढे जाईल. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी राहतो. तुमच्या तारखांना तिथी कुठली येते ते कॅलेंडरवर बघून ठेवा, आणि त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक डाऊनलोड करा.

हा फरक सगळीकडे सारखा नसतो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो जाणवतही नाही. फ्रान्समधल्या सेंट-मालोला उधाणात तो १२ मीटरपर्यंत जातो. ओहोटीला तिथे ग्राँ-बे नावाच्या बेटावर पायी जाता येतं आणि भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. असल्या ठिकाणी परतायची वेळ घड्याळात लावून ठेवायची, ‘अजून पाच मिनिटं’ अजिबात नाही.

ओहोटीची सकाळ मुलीसाठी राखून ठेवा. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं, त्यापाशी उकिडवं बसून दोन-तीन मिनिटं न हलता बघायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. आत खेकडा असतो, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर केलेला. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती. तिची सावली पडली की तो आत जायचा, ती मागे सरकली की आधी दोन बारीक मिश्या बाहेर, मग पाय. पाऊण तास ती तिथून उठली नाही. हात लावू द्या, पण उचलून बादलीत नको. आणि शेवाळलेल्या खडकावर आजी-आजोबांना नेऊ नका, फार निसरडा असतो.

वाऱ्याचं थोडक्यात. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, लाटाही वाढतात. म्हणून पोहणं, होडी, खडक सगळं सकाळी, दुपारी विश्रांती. महिनाही नीट तपासा, ‘उन्हाळा म्हणजे ऊन’ हा हिशेब किनाऱ्यावर फसतो. सॅन फ्रान्सिस्कोत जुलै-ऑगस्टमध्ये दाट धुकं आणि गारठा असतो, ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. केप टाउनमध्ये उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा इतका जोरात वाहतो की किनाऱ्यावर वाळू टोचते, पण क्लिफ्टनसारखे आडोशाचे किनारे त्यातून बऱ्यापैकी वाचतात. त्याच शहरात अटलांटिक बाजूचं पाणी थंडगार, आणि फॉल्स बे बाजूचं त्या मानाने कोमट. एका शहरात बाजू बदलली की सुट्टी बदलते ती अशी.

पोहण्याबद्दल हात जोडून सांगते. जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. लाल-पिवळे झेंडे जिथे लावलेत त्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तिथे मुलांना नेण्याचा मोह होतो. बऱ्याचदा तोच आत ओढणारा रिप करंट असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला निघा, मग किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

तर, किनारा की जुनं शहर? तुमच्या पाच जणांसाठी मी किनारा म्हणेन, जिथे सपाट रस्त्याने वाळूपर्यंत जाता येतं आणि बस किंवा ट्रामचा थांबा जवळ आहे अशा बाजूचा. फक्त रात्रीच्या संगीताची गल्ली खिडकीखाली नाही ना, ते बघून घ्या. जुन्या शहरात फरसबंदी, अरुंद जिने आणि रात्रीची वर्दळ असते. तिथे राहण्यापेक्षा संध्याकाळी जा, एका दिवसाचे पाहुणे आणि क्रूझचे प्रवासी बहुतेक परत गेलेले असतात. सहा रात्रींत हॉटेल बदलू नका. सामान बांधण्यात अर्धा दिवस जातो आणि आई-वडिलांना नव्या बाथरूमची सवय पुन्हा करावी लागते.

सहापैकी दोन दिवस काहीही न ठरवता मोकळे ठेवा, एक पोहोचल्यानंतरचा आणि एक मधला, पावसासाठी किंवा खवळलेल्या समुद्रासाठी. बेटावर किंवा होडीने जायचं असेल तर ते पहिल्या तीन दिवसांतच करा, म्हणजे फेरी रद्द झाली तर पुढे दिवस शिल्लक राहतो. आणि परतीच्या दिवशी पोहायला जाणार असाल तर खोली सोडल्यावर अंघोळ कुठे करता येईल, सामान कुठे ठेवता येईल, हे हॉटेलला आधीच विचारून घ्या.