लांबच्या टूरवर बाईकच्या चेनला वंगण किती किलोमीटरनंतर द्यावं?

साधारण 500 ते 700 किलोमीटरनंतर. पावसात किंवा धुळीत चालवली असेल तर त्याच दिवशी, मुक्कामी पोचल्यावर. चेन गरम असते तेव्हा वंगण नीट आत शिरतं, आणि रात्रभरात मुरतं. सकाळी निघताना मारलं की निम्मं रिमवर उडतं. ओ-रिंगची चेन (कड्यांच्या सांध्यात रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवा, रबरी रिंगा खराब होतात. केरोसीन आणि मऊ ब्रश पुरे.

चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून गियरमध्ये चेन पुसणारे मी पाहिलेत. बोट जायला क्षणही लागत नाही.

खरी चूक होते ती ताणात. सैल चेनपेक्षा जास्त ताणलेली वाईट. मागे सामान आणि माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथेच ढिलाई मोजा. आकडा मॅन्युअलमधला घ्या.

ग्रुपमध्ये जात असाल तर आपल्या मापाची जोडकडी, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, जवळ असू द्या. सोबत्याच्या चेनचं मापही निघण्याआधीच विचारून ठेवा.