'त्या काळी तसंच होतं' म्हणे

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर, ओटीटीवरच्या जुन्या काळातल्या सीरिज आणि त्यातल्या बायका. म्हटलं चला, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हेच घेऊ.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. हल्ली ऐतिहासिक सीरिजमध्ये बाईवर अत्याचार दाखवला की लगेच आरडाओरडा होतो. पण त्या काळी तसंच होतं, त्याला कोण काय करणार? गोड गोड खोटं दाखवायचं का?

उत्तर : सर, खोटं दाखवू नये हे मान्यच आहे. पण मला गंमत ही वाटते की या लोकांना इतिहास नेमका बलात्काराच्याच सीनला आठवतो. एरवी हिरोचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले, हिरोइनच्या काखेत एक केस नाही, कुणाच्या तोंडावर देवीचा व्रण नाही, ते सगळं बिनधास्त चालतं. ब्रिजर्टन या लंडनच्या उमराव घराण्यांवरच्या सीरिजच्या पहिल्याच एपिसोडमध्ये एका मुलीला दोऱ्या ओढून ओढून आवळतात, तिचा जीव चाललाय आणि आई म्हणते अजून आवळा. आता १८१३ च्या त्या फॅशनमध्ये झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली यायची, खरी कंबर कुणाला दिसायचीच नाही, मग ती आवळायची कशासाठी? पण 'जुन्या काळी बायकांचे हाल' एका शॉटमध्ये सांगायला कॉर्सेट, म्हणजे तो दोऱ्यांनी आवळायचा पट्टा, सोयीचं पडतं ना.

खरे हाल कागदावर होते आणि कागद पडद्यावर कंटाळवाणा दिसतो. इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत लग्न झालेल्या बाईने स्वतः कमावलेला पगारसुद्धा कायद्याने नवऱ्याचा. १८५७ चा घटस्फोटाचा कायदा आला तर त्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की काम झालं, बायकोला मात्र व्यभिचार आणि वर छळ किंवा टाकून जाणं असं काहीतरी जोडून दाखवावं लागायचं. आणि नवऱ्याने केलेला बलात्कार हा गुन्हाच आहे असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, स्पष्ट म्हटलं ते कधी, तर १९९१ साली. म्हणजे 'त्या काळी' म्हणताना आपण जितका लांब हात दाखवतो तितकं ते लांब नाहीये.

आणि सर, तुम्ही इतिहास शिकवलाय म्हणून अजून एक. कॅरोलाइन नॉर्टन तुम्हाला माहीत असेलच. नवरा मारायचा, १८३६ मध्ये त्याने तिचं नाव थेट पंतप्रधान मेलबर्नशी जोडून कोर्टात खटला भरला, तो हरला, तरी तिची तिन्ही मुलं कायद्याने त्याचीच म्हणून त्याच्याकडेच राहिली. मग या बाईने काय केलं तर पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली आणि १८३९ मध्ये कायदा झाला, की सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आई मागू शकते. ही पण 'त्या काळचीच' बाई की! मार खाणारी बाई ऐतिहासिक आणि तक्रार करणारी बाई दिसली की 'हे काय मॉडर्न घुसडलंय', हा हिशोब मला पटत नाही. गेम ऑफ थ्रोन्सचंच बघा ना, तिथे तर इतिहासही नाही, ड्रॅगन उडतायत, तरी लोक म्हणायचे मध्ययुग होतं हो, असंच असणार. पाचव्या सीझनमध्ये, म्हणजे २०१५ मध्ये, सान्सा नावाच्या मुलीवर लग्नाच्या रात्री नवरा बलात्कार करतो आणि कॅमेरा वळतो कुणाकडे, तर जबरदस्तीने बघायला उभं केलेल्या थिऑनच्या चेहऱ्याकडे. अत्याचार तिच्यावर, दुःख त्याचं! मी तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये, असा सीन आला की कॅमेरा कुणापाशी थांबतो ते बघायचं, आणि पुढच्या दोन एपिसोडमध्ये त्या बाईला त्याबद्दल बोलायला मिळतं का ते बघायचं. दिग्दर्शकाने मुलाखतीत काय सांगितलं याची मग गरजच पडत नाही.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. ब्रिजर्टनच्या पहिल्या सीझनवरून आमच्या रूमवर अक्षरशः भांडण झालं. सहाव्या एपिसोडमध्ये डॅफ्नी सायमनला फसवते तो सीन मला नीट वाटला नाही, पण मैत्रिणी म्हणतात फसवणूक त्याने केली होती, आणि पुरुषावर कसली जबरदस्ती?

उत्तर : तुझं बरोबर आहे गं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॅफ्नीचा नवरा, ड्यूक सायमन, तिला म्हणालेला असतो की मला मूल होऊ शकत नाही, खरं तर त्याला मूल नको असतं, आणि डॅफ्नीला मूल कसं होतं एवढंही लग्नाआधी कुणी सांगितलेलं नसतं. तिला ते उशिरा कळतं, मग ती ठरवून त्या क्षणी त्याच्या अंगावरून बाजूला होत नाही, तो थांब म्हणतोय तरी. मूळ कादंबरी २००० सालची, त्यात तो दारू प्यायलेला असतो. सीरिजवाल्यांनी त्याला शुद्धीत ठेवलं आणि त्यांना वाटलं बहुतेक की झालं, प्रश्न मिटला. पण थांब म्हटल्यावर न थांबणं ते न थांबणंच, तिथे दारूचा काय संबंध.

त्याने तिला फसवलं हे शंभर टक्के खरं. तिच्या अज्ञानाचा फायदा घेतला हेही खरं. तिच्या आईने तिला काही न सांगता सासरी पाठवलं हा तर मला सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो, आणि सीरिजने हे छान दाखवलंय. पण एका चुकीने दुसरी चूक धुऊन निघत नाही ना, आणि माझा खरा राग यापुढचा आहे. नंतरचे एपिसोड बघ, सायमनला जे झालं त्याचं नाव कुणी घेतच नाही, सगळं गाडं 'तू माझ्याशी खोटं बोललास' यावर येऊन थांबतं, मग पाऊस, मग डान्स, मग बाळ. आणि तो गोरा नसलेला पुरुष आहे, त्याच्या शरीरावर त्याचा हक्क किती यावर सीरिजला दोन मिनिटंही द्यावीशी वाटली नाहीत, हे तर अजूनच खुपतं.

याच्या उलट आउटलँडर, अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडची सीरिज. त्यात पहिल्या सीझनच्या शेवटी नायक जेमीवर एक इंग्रज अधिकारी अत्याचार करतो, ते बघवत नाही इतकं आहे, मी पुढे ढकलून ढकलून पाहिलं. पण नंतर त्याची झोप, त्याची लाज, बायकोने हात लावला तरी दचकणं, हे सगळं ते वेळ देऊन दाखवतात. फक्त पुढे काय झालं की लेखकांना ती सवयच लागली. त्याच्यावर, मग त्याने सांभाळलेल्या लहान फर्गसवर, मग मुलीवर, मग पाचव्या सीझनच्या शेवटी त्याच्या बायकोवर, क्लेअरवर. गोष्ट अडली की बलात्कार, असं व्हायला लागलं तेव्हा मी बंद केली.

मैत्रिणींना अजून एक दाखव, क्वीन शार्लट, २०२३ ची, ब्रिजर्टनच्याच आधीच्या काळातली गोष्ट. त्यातली तरुण लेडी डॅनबरी तीन वर्षांची असताना तिचं लग्न ठरवून टाकलेलं असतं, तिला कुठला रंग आवडतो हेसुद्धा म्हाताऱ्या नवऱ्याच्या आवडीवरून ठरलेलं. नवरा रात्री येतो, ती छताकडे बघत पडते, नंतर अंघोळ करते. मारहाण नाही, किंकाळी नाही, रक्त नाही. बायकोच्या इच्छेला काही किंमतच नसणं म्हणजे काय ते मला या सीनमध्ये जितकं कळलं तितकं मोठमोठ्या राड्यातही कळलं नव्हतं. तो मरतो तेव्हा ती आनंदाने जवळजवळ नाचते, आणि आपण पण!

प्रश्न : काळे ड्यूक आणि काळी राणी दाखवून ब्रिजर्टनने वर्णद्वेषाला उत्तर दिलं की त्यावर पांघरूण घातलं? मला दोन्ही वाटतं आणि डोकं फिरतं.

उत्तर : दोन्ही. डोकं फिरणं हीच बरोबर प्रतिक्रिया आहे.

आधी चांगलं सांगते. वर्षानुवर्षं या झग्यांच्या सीरिजमध्ये गोऱ्या नसलेल्या नटाला दरवाजा उघडायचा नाहीतर मार खायचा, एवढंच काम. एखाद्या नटीला गुलाम न होता नुसतं लाजायला, रुसायला, चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडायला मिळालं यात आनंद वाटण्यासारखं आहेच. आणि 'त्या काळी लंडनमध्ये काळी माणसं कुठे होती' म्हणणाऱ्यांना डायडो बेल माहीत नसते. १७६१ ची, आई गुलाम, वडील नौदलातले अधिकारी, वाढली केनवूड हाउसमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डच्या घरी, आणि हे मॅन्सफिल्ड म्हणजे तेच न्यायाधीश ज्यांनी १७७२ मध्ये निकाल दिला की मालकाला गुलाम माणूस इंग्लंडमधून जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही. त्यांच्याच घरातली मुलगी ही! पण मी वाचलंय की पाहुणे जेवायला आले की तिला टेबलावर बसवत नसत, जेवणं झाल्यावर ती बायकांमध्ये कॉफीला यायची. आता सांगा, याच्यापेक्षा चांगली सीरिज कुठे मिळणार?

आता दुसरी बाजू. ब्रिजर्टनमध्ये लेडी डॅनबरी सायमनला सांगते की आपण रंगावरून दोन वेगळे समाज होतो, मग राजा आपल्यातल्या एकीच्या प्रेमात पडला आणि सगळं बदललं. बस. एका लग्नात वर्णद्वेष खलास. गोष्ट १८१३ ची. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला होता पण वसाहतींमधली गुलामगिरी चालूच होती, ती बंद करायचा कायदा आला १८३३ मध्ये आणि तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नाही. मग या बॉलरूममधल्या मेणबत्त्यांचे, मोत्यांचे, केकचे पैसे आले कुठून? चहातली साखर आली कुठून? सीरिज हे विचारत नाही, आणि तिने विचारलं असतं तर तिला हिरोईण्यासुद्धा भारी मिळाल्या असत्या, कारण १७९१ नंतर इंग्लंडमध्ये हजारो घरांनी गुलामांच्या कष्टाची साखर म्हणून ती वापरायची बंद केली होती आणि घरात काय शिजणार हे ठरवणाऱ्या बायकाच त्यात पुढे होत्या, मतदानाचा हक्क नव्हता तर चहाच्या टेबलावर राजकारण केलं त्यांनी. क्वीन शार्लटमध्ये जरा तरी धीर केलाय, तिथे विधवा झालेल्या लेडी डॅनबरीला प्रश्न पडतो की आपली पदवी मुलाकडे जाणार की नवऱ्याबरोबर गेली, म्हणजे दिलेलं कधीही काढून घेतलं जाईल ही भीती. ते खरं वाटतं. बाकी मग गाऊन आणि मग गाऊन.

ज्यांना पांघरूण नको असेल त्यांनी २०२१ ची, अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची द अंडरग्राउंड रेलरोड बघा, पण सावकाश, एका दिवशी एकच एपिसोड, हे बिंज करायचं काम नाही. पहिल्याच भागात पळून गेलेल्या गुलामाला परत आणून जिवंत जाळतात आणि समोर गोरे पाहुणे टेबलावर जेवतायत. माझा श्वास अडकला. पण दिग्दर्शक बॅरी जेनकिन्स त्या वेदनेची मजा घेऊ देत नाही. मधेच ती सगळी माणसं शांत उभी राहून थेट तुमच्याकडे बघतात, म्हणजे बघणारे आपण उरतच नाही, आपल्यालाच कुणीतरी बघतंय. सेटवर नट आणि बाकीच्यांशी बोलायला समुपदेशक ठेवली होती त्यांनी. हिंसा दाखवायची असेल तर इतकी जबाबदारी तरी घ्यावी.

प्रश्न : हीरामंडी आणि बुलबुल, दोन्ही नेटफ्लिक्सचे, दोन्हीत बाईवर अन्याय, दोन्ही दिसायला सुंदर. मला बुलबुल आवडला, हीरामंडी नाही. का ते कळत नाही.

उत्तर : मलाही तसंच. बुलबुल १८८१ च्या बंगालमधला, एका लहान मुलीचं लग्न मोठ्या माणसाशी, पायात जोडवी घालताना तिला सांगतात की ही बाईला ताब्यात ठेवायला असतात, आणि पुढे तोच नवरा तिचे पाय फोडतो. म्हणजे सुंदर फ्रेममध्ये जे ठेवलंय ते शेवटपर्यंत चावतं. अत्याचाराचा सीन मला तरी खूप लांबला असं वाटलं, त्यावर माझी तक्रार आहेच.

हीरामंडी लाहोरच्या तवायफांची, म्हणजे नाचगाणं करणाऱ्या कलावंतिणींची; त्यात मल्लिकाजान आपल्या मुलीला, आलमजेबला, सोडवायला पोलीस ठाण्यात जाते आणि स्वतःच्या शरीराने किंमत मोजते. केवढा मोठा प्रसंग, मनीषा कोईरालाने जीव ओतलाय. पण लगेच सगळं स्वातंत्र्यलढ्याच्या झगमगाटात विरघळून जातं, तवायफ पवित्र ठरायला तिला देशासाठी सोसावं लागतं जणू, नाहीतर तिचं दुःख दुःख नाही. आणि त्यांचं काम कुठाय? रियाज, हिशोब, जमीनजुमला? लखनौच्या १८५८ नंतरच्या करांच्या वह्यांमध्ये तवायफ सगळ्यात जास्त कर भरणाऱ्यांत आहेत. आणि १८६८ च्या कायद्याने इंग्रज सरकार वेश्याव्यवसायातल्या बायकांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करायचं. एवढं हातात असताना आठ भाग दागिन्यांवर घालवायचे म्हणजे...

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची, वर्गातल्या सगळ्यांनी या सीरिज पाहिल्या म्हणून मागे लागलीये. बघू द्यावं का?

उत्तर : सर्टिफिकेट १८ चं असेल तर नाही म्हणा आणि का ते सांगा. १६ वगैरे असेल तर आधी तुम्ही एकट्या बघा, मग तिच्याबरोबर. नको तिथे 'आता डोळे मीट' म्हणू नका, पॉज करून विचारा की याला हो म्हटलं होतं का तिने? माझ्या भाचीने एकदा असं पॉज केल्यावर मला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही.

प्रश्न : ब्रिजर्टनमधल्या एडविनाला खरंच मराठी येतं का हो?

उत्तर : येतं म्हणतात! दुसऱ्या सीझनमध्ये केट आपल्या या बहिणीचं कौतुक सांगताना तिला मराठी आणि हिंदुस्तानी येतं असं सांगते, मी सोफ्यावरून उठलेच. पुढे वडिलांना अप्पा, एकीला दीदी, दुसरीला बंगाली बोन म्हणजे बहीण, आणि एक 'मरुली' नावाचं वाद्य, जे मुरली असावं असा माझा आपला अंदाज. आठ एपिसोड कान देऊन ऐकलं, एडविनाच्या तोंडून एक मराठी वाक्य काही कानावर पडलं नाही. तुम्हाला ऐकू आलं असेल तर कितव्या मिनिटाला ते कळवा.