वाचकांचे प्रश्न : इराक युद्ध आणि ‘निओकॉन’ विचार

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मंडळी संध्याकाळी एकत्र बसतो. परवा एकाने ठामपणे सांगितले की, मूठभर ‘निओकॉन’ (निओकॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे नवपुराणमतवादी) विचारवंतांनी अध्यक्ष बुश यांना २००३ मध्ये इराकच्या युद्धात ओढले. एखादा विचार परराष्ट्र धोरणावर एवढी पकड मिळवू शकतो का? आणि इराकची ‘मुक्ती’ व आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम यांना एकाच मापाने मोजावे का?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : पकड मिळवू शकतो, मात्र ‘ओढले’ हा शब्द मला मान्य नाही. निर्णय बुश यांचा होता आणि ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला अधिकार दिला होता. उपाध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना तर काटेकोर अर्थाने निओकॉन म्हणताही येत नाही, कारण त्यांना अमेरिकेच्या सामर्थ्याची चिंता अधिक होती, परक्या देशात लोकशाही रुजवण्याची कमी.

निओकॉनांचे म्हणणे असे की, एखादा देश बाहेर कसा वागेल हे त्याच्या राजवटीच्या स्वरूपावरून ठरते. म्हणून धोकादायक राजवटीला नुसता आवर घालून भागत नाही, ती बदलावी लागते, आणि त्यासाठी अमेरिकेने आपले लष्करी वर्चस्व वापरण्यास कचरू नये. याच विचारातून जानेवारी १९९८ मध्ये सद्दाम हुसेन यांना सत्तेवरून हटवण्याची मागणी करणारे पत्र अध्यक्ष क्लिंटन यांना गेले. त्यावर १८ सह्या होत्या. वुल्फोवित्झ, बोल्टन, खलीलझाद हे त्यांतले. रम्सफेल्ड यांचीही सही होती. क्लिंटन यांनी त्याच वर्षी सद्दामविरोधी कायद्यावर सही केली, पण युद्ध केले नाही. २००१ मध्ये सही करणाऱ्यांपैकी अनेक जण सरकारात आले, वुल्फोवित्झ संरक्षण खात्याचे उपमंत्री झाले, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हादरलेले सरकार उत्तर शोधू लागले तेव्हा यांचे उत्तर तीन वर्षांपूर्वीच लिहून तयार होते. माझ्या मते प्रभावाचे खरे स्वरूप हेच आहे.

विचार किती खोल रुजला होता, हे फेब्रुवारी २००३ मधल्या एका प्रसंगावरून दिसते. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत वुल्फोवित्झ यांनी हा अंदाज साफ चुकीचा ठरवला. राजवट पाडण्यापेक्षा नंतरची शांतता राखायला जास्त फौज लागेल, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हते. लोक स्वागत करतील, हे गृहीत होते. मे महिन्यात इराकमधील अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केले आणि लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका हुकुमाने बेकार झाली.

आता मुक्तिसंग्रामाविषयी. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, त्याच्या दहा वर्षे आधीपासून येथील लोक सत्याग्रह करीत होते, तुरुंगात जात होते, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेतृत्व त्यांच्यातच उभे होते. फौजा आल्या तेव्हा त्यांच्यामागे उभे राहणारे लोक येथेच तयार होते, आणि येथे निजामांनाही १९५६ पर्यंत राजप्रमुख (राज्याचे औपचारिक प्रमुख) म्हणून ठेवण्यात आले. फौजांच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर येथेही अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांना भयंकर सोसावे लागले. तुलना करताना तेही लपवू नये. तरीही दोन्हींना एक माप लावता येणार नाही, कारण इराकमध्ये मुक्तीची आखणी आधी वॉशिंग्टनमध्ये झाली आणि ती स्वीकारणारे लोक तेथे आहेत की नाहीत, हा प्रश्न फौजा बगदादला पोहोचल्यानंतर पुढे आला.