स्वर्गाची ओढ लागलेल्या माणसानं इथं राबायचं कशासाठी?

प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 81 आहे, घरातल्या घरात हिंडत्याफिरत्या आहेत, पण बाबा गेल्यापासून रोज रात्रीच्या प्रार्थनेत ‘प्रभू, आता मला ने’ म्हणतात. चर्चच्या मंडळीतही आपण गातो की हे जग आपलं घर नाही, आपण इथं प्रवासी. मग शाळा, दवाखाने, गोरगरिबांची सेवा हे सगळं गाडी येईपर्यंत वेळ घालवणं आहे का, की स्वर्गाची ओढ हीच मुळात पळवाट आहे, असा तुमचा प्रश्न आहे. आणि शेवटी विचारलंय की आईंच्या त्या प्रार्थनेला तुम्ही आमेन म्हणावं की नाही.

मी मिशन दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं वृद्धांच्या आणि शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या वॉर्डात गेली. ‘मला ने’ ही प्रार्थना मी पुष्कळ तोंडांतून ऐकली आहे, आणि ती प्रत्येकाच्या तोंडी सारखी नसते हे शिकले आहे. त्यामुळं या प्रश्नाचं उत्तर मला पाठ केलेलं देता येणार नाही. जे खरं वाटतं ते सांगते.

स्वर्गाची ओढ पळवाट नाही, हे आधी ठामपणे सांगते. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल बंदिवासात होता (ते पत्र आपल्या बायबलात आहे), बेड्यांत होता, आणि सुटका होईल की शिक्षा याचा निकाल लागायचा होता. त्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो, ‘मला तर जगणे हे ख्रिस्त आणि मरणे हे लाभ आहे.’ पुढं मोकळेपणानं सांगतो की तो दोन्हीकडून पेचात सापडला आहे. इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं अशी त्याला उत्कंठा आहे, तेच फार चांगलं आहे, पण तुमच्याकरता मी देहात राहणं अधिक गरजेचं आहे. आपल्याकडं अंत्यविधीला हे वचन वाचतात आणि बहुतेक वेळा ‘मरणे हे लाभ’ इथं थांबतात. मला खंत वाटते ती याची. पौल तिथं थांबला नव्हता.

‘तुमच्याकरता’ हा शब्द बघा. त्याला इथं ठेवणारी गोष्ट मरणाची भीती नव्हती, की आपल्यावाचून कामं अडतील असा अहंकारही नव्हता. तुरुंगातल्या माणसाच्या हातात कामं तरी किती उरतात? त्याला ठेवणारी होती ती माणसं. लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई, जिनं त्याला फिलिप्पैत आपल्या घरी उतरवून घेतलं. तो तुरुंगाधिकारी, ज्यानं मध्यरात्री त्याच्या जखमा धुतल्या. ही त्याची फिलिप्पैची माणसं. अशी ओढ आणि अशी माया एकाच माणसाच्या मनात एकत्र नांदू शकतात, हे त्या पत्रात दिसतं. पौल त्यांपैकी एकीलाही खोटं ठरवत नाही.

आता त्याच पत्राचा दुसरा अध्याय उघडा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर तिथं आहे, आणि उपदेशांत ते क्वचित येतं. फिलिप्पैकरांनी पौलासाठी मदत पाठवली होती, ती घेऊन एपफ्रदीत नावाचा भाऊ आला होता. तो आजारी पडला, अगदी मरणाला टेकला. मग बरा झाला. आता विचार करा, मरण हा लाभ आहे असं नुकतंच लिहिलेला माणूस इथं काय लिहील? ‘बिचाऱ्याचा लाभ हुकला’? पौल लिहितो की देवानं त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नाही, तर मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून माझ्यावरही केली.

म्हणजे स्वतःचं मरण लाभ, पण मित्राचं वाचणं ही देवाची दया. वॉर्डात रुग्ण दगावला की नातेवाइकांना कुणीतरी सांगायचं, ‘रडू नका, ते प्रभूघरी गेले, आनंद करा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण पौलही मित्र गेला असता तर रडला असता, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला, आणि तोही त्याला काही क्षणांत उठवणार असताना. जो देव एपफ्रदीताला परत देणं ही दया मानतो, त्याच्या लेखी इथलं आयुष्य टाकाऊ असणं शक्य नाही.

यापो गावच्या टबीथा नावाच्या शिष्येचंही तसंच. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात ती आजारी पडून वारते. येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. पेत्र गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि ती उठते. स्वर्गात पोहोचलेल्या बाईला पुन्हा शिवणाकडं का आणलं असेल, हा प्रश्न मला तरुणपणी फार छळायचा. आता वाटतं, त्या विधवांच्या हातातल्या कपड्यांकडं बघितलं की उत्तर दिसतं.

थेस्सलनीकेची गोष्ट थोडक्यात सांगते. तिथल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून लुडबुड करत फिरत होते, आणि प्रभूचा दिवस, म्हणजे येशूच्या परत येण्याचा दिवस, येऊन ठेपलाय अशी चर्चाही तिथं होती. पौलानं त्यांना खडसावलं, ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. ओढ माणसाला आळशी करू लागली की ती ओढ राहत नाही, एवढंच यातून घ्यायचं.

‘शेवटी सगळं नाहीसंच होणार आहे तर काम कशाला’ या शंकेला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण तुमच्या पत्रात ती खोलवर दिसते. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय म्हणजे पुनरुत्थानाचा अध्याय. शेवटचा कर्णा, मृतांचं उठणं, ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे?’ हे सगळं तिथं आहे. एवढ्या उंचीवर नेल्यावर पौल शेवटच्या वचनात कुठं उतरतो? म्हणून प्रभूच्या कामात सदैव तत्पर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, इथं. मला हे फार मोलाचं वाटतं. पुनरुत्थान आहे, म्हणून श्रम वाया जात नाहीत. आपली आशा देह टाकून कुठंतरी उडून जाण्याची नाही, देहाच्या उठण्याची आहे. बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटी पवित्र नगर स्वर्गातून खाली उतरतं. आपण रोज ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ अशी प्रार्थना करतो, ती पृथ्वीवर पाय रोवूनच करतो.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ग्रंथातलं झालं. मी नगर भागातली आहे, म्हणून इथली दोन उदाहरणं देते.

सिंथिया फरार या अमेरिकेतून 1827 मध्ये मुंबईत उतरल्या. त्या काळी असा प्रवास म्हणजे घरच्यांचा बहुधा कायमचा निरोप. पुढं त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच त्या वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली. स्वर्गावर नजर ठेवून आलेल्या एका बाईनं नगरच्या मुलींना अक्षरं शिकवली, आणि त्याचा उपयोग ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशा असंख्य घरांना झाला. स्वर्गाच्या आशेवर जगणारे लोक जगाच्या उपयोगाचे नसतात, असं जे म्हणतात त्यांनी या बाईंचं आयुष्य वाचावं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांच्याइतकी ‘मला ने’ म्हणायला कारणं फार थोड्यांना असतील. ऐन तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, मग भाऊ. लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं: शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींची शाळा. उतारवयात ऐकू येईना. आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं, ती वारली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या उरलेल्या महिन्यांतही हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांची सगळी माणसं पलीकडं होती. स्वर्गाची ओढ त्यांना नसेल असं मला शक्य वाटत नाही. पण केडगावच्या बायकांच्या हाती त्यांच्या भाषेतलं पवित्र शास्त्र द्यायचं होतं.

आता आईंविषयी. एलीया संदेष्टाही ‘आता पुरे’ म्हणाला होता. ईजबेल राणीच्या धमकीनं तो पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, माझा प्राण घे. देवानं त्याला एका शब्दानंही रागावलं नाही. दूतानं त्याला स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवून पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, वाट तुला फार लांब आहे म्हणून. काम सांगितलं ते खूप नंतर, होरेब डोंगरावर. आधी जेवण आणि झोप.

परिचारिका म्हणून मला हे वचन पटतं. ‘मला ने’ या प्रार्थनेखाली कधी खरोखर पिकलेली आशा असते. अशी माणसं शांत असतात, चेहऱ्यावर कळतं. पण कधी त्याखाली न सांगितलेलं दुखणं असतं, रात्ररात्र न लागणारी झोप असते, नैराश्य असतं. जोडीदार गेल्यावर तर फार वेळा असतं. म्हणून आईंना एकदा चांगल्या डॉक्टरांकडं न्या. जेवण कमी झालंय का, झोप कशी आहे, कुठं दुखतंय का, कमी ऐकू आल्यामुळं बोलणं तुटलंय का, हे बघा. त्या स्वतःला काही करून घेण्याविषयी बोलल्या तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यानं त्यांच्या विश्वासाचा अपमान होत नाही. देवानं एलीयासाठी भाकर पाठवली, ती एलीयाच्या विश्वासावर शंका म्हणून नव्हे.

आणि या प्रार्थनेखाली आणखी एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपली कुणाला गरज उरली नाही. आपण मायेनंच त्यांच्या हातातून एकेक काम काढून घेतो: ‘तुम्ही बसा, मी करते.’ पौलाला जे कळलं होतं ते मग त्यांना कळायला वाव राहत नाही. कुणाकरता राहणं गरजेचं आहे, हे त्यांना दिसेनासं होतं.

आमेनचं विचारलंत. म्हणा, पण पौलाच्या प्रार्थनेसारखं पूर्ण करून म्हणा. फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप मार्टिन 397 मध्ये मरणशय्येवर होते. शिष्य रडून म्हणत होते, आम्हाला टाकून जाऊ नका. तेव्हा त्यांनी जी प्रार्थना केली तिचा आशय असा होता: प्रभू, तुझ्या लोकांना माझी अजून गरज असेल तर मी कष्टाला नाही म्हणत नाही, तुझी इच्छा होवो. ते त्याच आजारात गेले. पण शेवटचा शब्द त्यांनी प्रभूवर सोडला. आईंनी ‘मला ने’ म्हटलं की त्यांना थांबवू नका, ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणू नका. त्यांचं झालं की त्यांच्या शेजारी बसून तुम्ही मोठ्यानं प्रार्थना करा: प्रभू, तुझ्या वेळेला आईला ने, आणि तोवर ती आम्हाला हवी आहे. मग दोघांनी आमेन म्हणा. आईंना ते ‘हवी आहे’ ऐकू जाऊ द्या.

त्याबरोबर एखादं खरंखुरं काम द्या, वेळ जावा म्हणून दिलेलं नको. मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं पाळकसाहेबांकडून घेऊन त्यांच्या हाती द्या, त्यांनी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि जमेल तेव्हा एकाला फोन करावा. शेजारची मुलं रविवारच्या शाळेची वचनं पाठ करायला त्यांच्याकडं येऊ देत. बाबा गेले तशा मंडळीत आणखी कुणी विधवा झाल्या असतील, त्यांच्याकडं आईंना घेऊन जा. त्यांच्याशी काय बोलायचं हे आपल्यापेक्षा आईंना जास्त कळेल. आणि यातलं काही झेपत नाही असं त्या म्हणाल्या, तर आग्रह धरू नका. मग संध्याकाळी तुम्ही त्यांच्या पायांना तेल लावा, एक अध्याय वाचून दाखवा आणि बाबांच्या आठवणी काढा.