कोविड वॉर्डात सिस्टर खरंच पेशंटजवळ जात नव्हत्या का?

तुमची आत्या २०२१ मध्ये वॉर्डात एकटी होती आणि बाहेर लोक म्हणायचे, सिस्टर दारातूनच गोळ्या देतात. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. आमचे दीर दर लग्नात हेच ऐकवतात, म्हणून लिहायला बसले.

मी लातूर जिल्ह्यात कोविड वॉर्डात सिस्टर म्हणून ड्युटीला होते. एप्रिल महिना. रेणापूरकडची सत्तरीची आजी १५ लिटर ऑक्सिजनवर, आणि मास्क सारखा ओढून काढायची. सॅच्युरेशन ९१ वरून ८२. "माय, हे थोबाडावरचं काढ, जीव गुदमरू लालाय." मला वाटलं, ऑक्सिजन कमी पडून भ्रम झालाय. पण मास्क निघाला की तिचं बोट दातांकडेच जायचं. आजीला मिश्री पाहिजे होती! जन्मभर दोन वेळा लावलेली, एकदम बंद.

मिश्री दिली नाही. पिशवीतली मिश्रीची डबी काढून नुसती तिच्या मुठीत ठेवली. नाकात नळी लावली, बोटाला गॉज गुंडाळून हिरड्या चोळून दिल्या. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर, आणि ती खोकत होती. मग म्हटलं, आता पालथी हो. झाली बिचारी. पाठीवर हात ठेवून बसले, तासाभरानं ९३. डिस्चार्जच्या दिवशी तिनं चपलेआधी डबी शोधली.

हे दारातून होतं का?

सारखं आत-बाहेर करता येत नव्हतं, हे खरं. एक पीपीई किट अंगावर सहा तास, पाणी नाही, लघवी नाही. दोघी सिस्टर आणि पेशंट तीसच्या वर. हाक मारली की लगेच कुणी येईलच, असं नव्हतं. आणि भीतीनं आत न जाणाऱ्याही एक-दोघी होत्या, ते नाकारत नाही.

"पगार घेतलाच की," म्हणतात दीर. माझ्यासोबतच्या कंत्राटी पोरींना तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलं आणि लाट ओसरल्यावर घरी पाठवलं. त्यांच्यासाठी थाळी वाजवणाऱ्यांनी नंतर विचारलंही नाही. दीरही त्यातलेच.

तुम्ही आत्याच्या केस पेपरची नक्कल मागा. नर्सिंग नोट्समध्ये प्रत्येक वेळेपुढे सही असते. रात्री दोनची, पहाटे चारचीही. त्या मोजा.